शेवटचा तांब्या

गुरुवार, दि. ११ जानेवारी १९७३. सकाळचे सव्वानऊ.

आज कंपनीला सुट्टी. मी खिडकीजवळ खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे पान उघडे धरले होते. लक्ष मोरीकडे होते.

पद्मा बाळाला घेऊन मोशीहून, तिच्या माहेरून, परत आली त्याला पाच दिवस झाले. बाळ तीन महिन्यांचे आहे. आमच्या दोन खोल्यांत आता आम्ही तिघे, आणि रोज सकाळी एक चौथे माणूस येते. तानुबाई. या पिंपरी गावातल्या. बाळांना न्हाऊ घालण्याचे काम करतात. शेजारच्या शालनबाईंनी त्या ठरवून दिल्या. ('न्हाऊ' मधला ऊ दीर्घ. पद्माला विचारून खात्री केली. ती मॅट्रिक आहे. मी आठवीतून शाळा सोडली.)

आज प्रथमच पूर्ण आंघोळ पाहिली. तानुबाई पाटावर बसतात, लुगडे गुडघ्यापर्यंत घेतात, पाय लांब करतात आणि नडग्यांवर बाळाला उताणे ठेवतात. डोके पावलांकडे. आधार काही नाही. बाळ तेलाने माखलेले, हातपाय झाडते, कमरेतून माशासारखे वळते, आणि बाई एका हाताने खुशाल तांब्या भरत असतात. मग त्याचा उजवा हात ओढून डाव्या पायाला लावतात, डावा हात उजव्या पायाला. मी कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. कोणता पार्ट किती वाकला तर चालेल याची मर्यादा आम्हाला दिलेली असते. इथे ती कोणी दिली?

"तो रडतोय," मी म्हणालो.

"रडंना का. छाती मोकळी व्हतीया. पैलवान हाय ह्यो. बगा, माज्याच पोटात लाथा घालतोय!"

सगळ्यात शेवटी त्यांनी एक तांब्या भरला, बाळाभोवती फिरवला, ओठांत काहीतरी पुटपुटल्या आणि मग त्याच्या अंगावर ओतला. मला ऐकू आले नाही. काय म्हणालात असे विचारले तर म्हणाल्या, "म्हनायचं असतंया."

काय म्हणायचे असते? माझ्या घरात, माझ्या मुलावर, मला न सांगता?


शनिवार, १३ जानेवारी

पहिली पाळी. साडेतीनला सुटलो.

बाळाचे लंगोट व दुपटी यापुढे मी स्वतः धुणार. चाळीच्या दोरीवर सगळ्यांचे कपडे एकमेकांना लागतात आणि कोणाच्या घरात काय आजार आहे हे कोणी सांगत नाही.

कंपनीत पार्ट आमच्या टेबलावर येण्याआधी एक पांढरी पावडर घातलेल्या गरम पाण्यात बुडवतात. तेल, वंगण, काळपटपणा, काही म्हणून राहत नाही. स्टोअरमधल्या खंडूकडे थोडी मागितली. डब्यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले आहे, ते मला वाचता येत नाही. पण खाली एका हाताचे चित्र आहे. म्हणजे हात धुवायलाही चालत असणार.

"घरी काय, इंजिन धुताय का सुरेंद्रराव?" खंडूने विचारले. मी गेटपास मागितला तर तो मोठ्याने हसला. "पुडीला गेटपास! वॉचमनला राम राम करा न् जा." मी राम राम केला. वॉचमनने नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्याकडे पाहिले असे वाटले.

कपडे पातेल्यात उकळले. एवढे पांढरे झाले की शालनबाई मुद्दाम बघायला आल्या. नळ सहाला गेला म्हणून एकदाच खळबळता आले. यंदा पाण्याचे हाल आहेत.

पद्माने लंगोट हातात चुरगाळून पाहिले. "कडक लागतंय हो. खरखरीत."

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

तिने ते घडी घालून फळीवर ठेवले.


बुधवार, १७ जानेवारी

बाळाच्या अंगावर लाल उठले आहे.

नीट तपासले. कमरेभोवती पट्टा असल्यासारखे आहे. मांड्यांच्या आत आहे. गळ्याखाली, लाळेरे येते तिथे आहे. पाठीवर थोडे. तोंडावर नाही, हातांवर नाही, पायांवर नाही.

मी विचार केला. हे सगळे भाग घड्यांचे आहेत. घडीत काय राहते? पीठ राहते. तानुबाई कसले तरी पीठ दुधात कालवून लावतात. ते पीठ त्या स्वतः डबीतून आणतात. आपल्या घरचे वापरत नाहीत.


गुरुवार, १८ जानेवारी

सुट्टी. तानुबाईंची डबी मागून घेतली व वास घेतला.

"काय आहे यात?"

"मसूर, हळद, वाईच बावची. का वो?"

"कुठून दळून आणता?"

"जात्यावर दळते. तुमाला बी लावू का? रंग उजळंल."

पद्मा पदराआड हसली ते मी पाहिले.

चिमूटभर पीठ कागदात घेतले. त्या गेल्यावर ते कालवून माझ्या कोपराच्या आतल्या बाजूस लावले व रुमाल बांधून संध्याकाळपर्यंत ठेवले. काही झाले नाही. म्हणजे मला देताना त्यांनी डबीच्या वरच्या थरातले दिले असणार.

माझ्या बोटांची सालपटे निघत आहेत. थंडी फार आहे.


शुक्रवार, १९ जानेवारी

दुसऱ्या पाळीचा आठवडा, त्यामुळे सकाळी घरी. लाल जास्त झाले आहे. एका ठिकाणी कातडी ओलसर दिसते. बाळ लंगोट बांधला की रडू लागते. मी तानुबाईंना दारातच सांगितले की उद्यापासून येऊ नका.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मला ओलांडून आत पाहत म्हणाल्या, "पद्माताई, काय चुकलं का माजं?"

"तुमचं काही चुकलं नाही," पद्मा आतून म्हणाली.

"चुकलं आहे की नाही ते मी पाहीन," मी म्हणालो.

तानुबाईंनी चपला घातल्या. "अडतीस वरसं पोरं न्हाऊ घालतीया. पोरगं पायावरनं निसटलं न्हाई कदी. आज बापानं मलाच निसटवलं." आणि जिना उतरून गेल्या.

 मी कामावर निघताना पद्मा एवढेच म्हणाली, "उद्या आंघोळ तुम्ही घाला."

घालीन. त्यात काय आहे? पाणी, साबण आणि काळजी.


शनिवार, २० जानेवारी

सगळे आधी मांडून ठेवले. पाण्यात कोपर बुडवून ऊब पाहिली. साबणाची वडी डावीकडे, पंचा उजवीकडे. पाय लांब करून बसलो तर मोरीच्या भिंतीला लागतात. म्हणून गुडघे वर घेऊन बाळाला मांड्यांत धरले. पहिला तांब्या होईपर्यंत तो माझ्याकडे नुसता बघत होता. मला वाटले, जमले.

साबण लावला आणि सगळे बदलले. धरायला जागाच राहिली नाही. दंड धरावा तर निसटतो, काखेत हात घालावा तर मान मागे टाकतो. तो वळला, मी वळलो, तांब्या गडगडत गेला, आणि एका क्षणी माझ्या दोन्ही हातांत फक्त फेस होता. बाळ माझ्या पोटावरून घसरत फरशीकडे चालले होते. पद्माने वरून पाय धरला. एक पाय. तसाच उलटा उचलून घेतला.

 कपडे थंडीमुळे वाळले नव्हते; पद्माने आपल्या जुन्या पातळाचा तुकडा फाडून त्याला त्यातच गुंडाळले. मी ते उकळलेले नाही म्हणून सांगत होतो.

"ऐका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "माझा मुलगा तुमच्या टेबलावरचा पार्ट नाही. पुन्हा असं काही झालं तर मी त्याला घेऊन मोशीला जाईन. परत कधी यायचं ते मी ठरवीन."

ती बोलते ते करते. लग्नात माझ्या काकांनी हुंड्यातली अंगठी मागितली तेव्हा भर मांडवात नाही म्हणाली होती.


मंगळवार, २३ जानेवारी

रोज मीच न्हाऊ घालतो. साबण सोडून दिला. बसायला गोणपाट घेतले. बाळ पाण्यावर हात आपटते आणि माझा चष्मा ओला होतो; मग मी आंधळ्यासारखा त्याला धरून बसतो व पद्मा पाणी घालते. 

खंडूकडून आणखी एक पुडी आणली. लाल उठले आहे तोवर स्वच्छता दुप्पट हवी. पद्मा म्हणाली की वाळलेले कपडे काढून घड्या मी घालते, तुम्ही दमता. यात काही हेतू दिसला नाही म्हणून होकार दिला.


गुरुवार, २५ जानेवारी

लाल उतरते आहे! मांड्यांवरचे जवळजवळ गेले. गळ्याखाली खपली धरली आहे.

तानुबाई गेल्या आणि लाल गेले. याहून स्पष्ट काय असते? शालनबाईंना दाखवले. त्या "असं का" म्हणाल्या आणि पद्माकडे पाहिले. पद्माने भाकरी उलटली.

एक गोष्ट लक्षात आली. बाळ हल्ली कमी ओले करत असावे; धुवायला एखाददुसरेच निघते. फळीवर दुपट्यांची चळत रोज तेवढीच उंच आणि वरची घडी तशीच्या तशी असते. हे चांगले की वाईट, डॉक्टरांना विचारावे.


शनिवार, २७ जानेवारी

पहिली पाळी सुरू झाली. आता सकाळी मी घरी नसतो. आंघोळ पद्मा घालते.

चारला घरी आलो तर घरात ओव्याचा धूर झाल्याचा वास. आंघोळीनंतर शेगडीवर ओवा टाकून बाळाला धुरी देतात ती. मी असताना आम्ही धुरी देत नव्हतो, कारण धुराचे काय सांगावे.

"धुरी दिलीस?"

"दिली."

"कोणी सांगितलं?"

"थंडीने सांगितलं," ती म्हणाली.


सोमवार, २९ जानेवारी

खालील गोष्टी जुळत नाहीत. पद्मा आंघोळ घालताना पाट वापरत नाही, तिला गोणपाट बरे वाटते. पण पाट ओला आहे. पद्मा काजळाची तीट गालावर लावते; आज ती तळपायावर आहे, आणि मोठी, अंगठ्याने लावल्यासारखी. बाळ तेलाने चकचकीत आहे आणि मी आलो तेव्हा गाढ झोपले होते. माझ्या हातून आंघोळ झाल्यावर ते असे कधी झोपले नाही.

आणि पद्माने ट्रंकेला कुलूप लावले आहे. आमच्याकडे कुलूप लावण्यासारखे काही नाही.

मोशीला जाण्याची तयारी असेल का? पण मी तर पुन्हा काही चुकलो नाही. का ठरवलेच आहे आणि फक्त दिवस पाहते आहे?


मंगळवार, ३० जानेवारी

जिन्यात शालनबाईंना विचारले की सकाळी आमच्याकडे कोणी येते का.

"तुमच्या बायकोला विचारा की. मला काय राखण बसवलंय?" मग दोन पायऱ्या चढून मागे वळल्या. "आणि सुरेंद्रभाऊ, हाताला काय झालंय तुमच्या? भाजलाय का?"

मी हात खिशात घातले. विषय बदलण्याची ही पद्धत मला माहीत आहे.

उद्या अर्ध्या दिवसाचा गेटपास घेणार.


बुधवार, ३१ जानेवारी. दुपारचे दोन.

सर्व क्रमाने लिहितो.

सकाळी पोटात दुखते असे सांगून पास घेतला. (खोटे नव्हते. दुखत होते.) भोसरीच्या कंपनीतून सायकलने आलो. जिन्यातच पाण्याचा आवाज ऐकू आला, आणि हसण्याचा. बाळाचा. मी बाळाला असे हसताना ऐकले नव्हते.

दार नुसते लोटलेले होते. मोरीत तानुबाई पाय लांब करून बसल्या होत्या, बाळ त्यांच्या नडग्यांवर. पद्मा शेजारी उकिडवी बसून पाणी देत होती. ट्रंक उघडी होती.

तानुबाईंनी मान वर केली. "आले का तपासनीला! दार लावा आदी. वारं लागंल पोराला."

मी दार लावले. मग म्हणालो, "तुम्हाला मी येऊ नका म्हणालो होतो."

"तुमी न्हाई म्हनला. ताई व्हय म्हनल्या. मी कुनाचं ऐकायचं? पानी तर त्या तापवत्यात."

माझ्या तोंडून जे यायला नको ते आले. "पद्मा, तू मोशीला जाणार आहेस. म्हणून ट्रंक."

पद्माने माझ्याकडे पाहिले. तिला राग येईल असे वाटले होते. ती दमल्यासारखी दिसली. "बघा ट्रंकेत," ती म्हणाली.

ट्रंकेत तिच्या जुन्या पातळाचे तुकडे होते. मऊ, धुऊन धुऊन रंग गेलेले, काठाला हाताने दोरा घातलेले. लंगोट होते, दुपटी होती. फळीवरच्या माझ्या पांढऱ्या चळतीला कोणी हात लावलेला नव्हता.

"हे लपवलंस?"

"लपवलं. त्या दिवशी तुमचे कपडे वाळले नव्हते म्हणून पातळात गुंडाळला, आठवतं? आल्यापासून पहिल्यांदा तो न रडता झोपला. मग रोज तेच केलं."

"मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. कडक लागतंय म्हणाले. तुम्ही म्हणालात, स्वच्छ आहे." ती उठली. फळीवरचे माझे एक दुपटे काढून बादलीत भिजवले, पिळले. "हात पुढे करा."

मी केला. तिने ते ओले दुपटे माझ्या बोटांभोवती घट्ट गुंडाळले आणि आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवले. "याची आंघोळ होईपर्यंत सोडायचं नाही."

पहिल्यांदा काही नव्हते. मग सालपटे निघालेल्या जागी मुंग्या आल्या. तानुबाईंनी बाळाला पालथे घातले, पाठीवर पाणी सोडले. मुंग्यांची आग झाली. बाळाने मान उचलून माझ्याकडे पाहिले आणि लाळ गाळली. बोटांच्या फटींत विस्तव ठेवल्यासारखे झाले. मी म्हणालो, "सोड."

"तो तर सोड म्हणूसुद्धा शकत नव्हता," पद्मा म्हणाली.

तिने सोडले नाही. मीही हात ओढून घेतला नाही. तानुबाई आपल्या कामात होत्या. त्यांनी शेवटचा तांब्या फिरवला, पुटपुटल्या, ओतला, आणि बाळाला पंच्यात घेऊन आम्हा दोघांच्या मधून बाहेर गेल्या. जाताना म्हणाल्या, "झाली बगा आंगूळ."

तेव्हा पद्माने दुपटे उलगडले. तिचेही तळवे लाल झाले होते.

पुडीत उरलेली पावडर मोरीत ओतली. नंतर वाटले, ती कोठे वाहत जाईल कोणास ठाऊक. आणखी तीन बादल्या पाणी ओतले. शालनबाई पाणी वाया घालवतो म्हणून शेजारून ओरडल्या.


गुरुवार, १ फेब्रुवारी

सुट्टी असूनही सकाळी मुद्दाम भोसरीला जाऊन खंडूला घरी गाठले व डब्यावर काय लिहिले आहे ते विचारले. त्यालाही इंग्रजी येत नाही. पण तो म्हणाला, "ते चित्र आहे ना हाताचं? तो हात नाही, राव. हातमोजा आहे." मी इन्स्पेक्शनला आहे. रोज केसाएवढा फरक पाहतो.

परत येईपर्यंत तानुबाई थांबल्या होत्या. पाट मोकळा ठेवला होता.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी नको. माझ्या हातून निसटतं."

"हातानं धरताय म्हनून निसटतंय. पायावर घ्या. पाय काय साबनानं बुळबुळीत व्हत न्हाईत." मग माझ्या लेंग्याकडे पाहून, "वर घ्या ते. लाजताय कुनाला?"

मोरीची भिंत आड येत होती. पद्माने पाट तिरका लावला, एवढेच. पाय पसरले गेले. बाळाला नडग्यांवर ठेवले आणि तो लगेच कमरेतून वळू लागला. मी धरायला गेलो तशी तानुबाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली. "वळू द्या. पाय जरा जवळ घ्या. बास. कुटं जातोय?"

तो कुठेच गेला नाही. दोन पायांच्या मधल्या खोलगट जागेत इकडून तिकडे वळला, पाय झाडले, आणि थकून माझ्याकडे बघत राहिला. पीठ लावले. उजवा हात डाव्या पायाला मीच लावला; तो तिथे आपणहून जातो, ओढावा लागत नाही. मग त्याने थेट माझ्या छातीवर मुतले. पद्मा इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. त्याने हे मुद्दाम केले असावे, अशी मला शंका आहे.

शेवटचा तांब्या भरला आणि थांबलो. "आता काय म्हणायचं?"

तानुबाईंनी पदर खोचला आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हटले, "न्हानाऱ्याला औक्ष. पानी तापवनारीला सुख. न्हाऊ घालनारीच्या पायाला बळ. आन् बापाला अक्कल."

"शेवटचं असतं त्यात?"

"नसतंय. तुमच्यासाठनं जोडलंया. पयल्या दिसापासनं."

मी तांब्या बाळाभोवती फिरवला आणि सगळे म्हणालो. शेवटचेसुद्धा. पाणी ओतले तेव्हा त्याने डोळे मिटले, आणि उघडले, आणि मी तिथेच होतो.

पद्माने त्याला तिच्या पातळात घेतले. मी विचारले, "मोशीला?"

"रविवारी," ती म्हणाली. माझा चेहरा पाहून थोडा वेळ तसाच राहू दिला. "आईला भेटायला. तुम्हीही चला. न्हाऊ कोण घालणार तिथे?"

आजचा खर्च. खोबरेल तेल: दोन रुपये दहा पैसे. बोटांना मलम: सव्वा रुपया. तानुबाईंना जानेवारीचे: पंधरा रुपये, मी नको म्हटलेले दिवस कापून घेणार होतो, पद्माने हिशेबाचा कागद काढून घेतला.

येणे: काही नाही.

देणे: तानुबाईंना एक लुगडे, हिरवे, त्यांनी सांगितले तसे. पद्माला एक नवे पातळ, जुने बाळाने घेतले म्हणून. बाळाला: रक्कम अजून काढता आलेली नाही.